तालुक्याच्या गावातील दातांचा दवाखाना: पुढचे शिक्षण कशाचे घ्यावे?

वैनगंगाकाठ

नमस्कार. पूर्व विदर्भात, ज्याला आपण झाडीपट्टी म्हणतो त्या भागातील एका तालुक्याच्या गावी मी १४ वर्षांपासून दातांचा दवाखाना चालवत आहे. गेल्या दोन महिन्यांत तीन कनिष्ठ सहकाऱ्यांनी फोन करून एकच प्रश्न विचारला, "ताई, गावात दवाखाना चालवायचा तर बीडीएस पदवीनंतर कोणता कोर्स करावा?" फोनवर दिलेली उत्तरे घाईची होती आणि ती देताना माझेच समाधान झाले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. लेखन लांबणार आहे, पण ज्यांना खेड्यातच राहून काम करायचे आहे त्यांनी ते वाचावे आणि आपले अनुभव जोडावेत, अशी विनंती आहे.

माझे म्हणणे आधीच सांगते. काय शिकावे हे ज्याने त्याने आपल्या दवाखान्याच्या नोंदवहीला विचारावे. मला ही गोष्ट पाचव्या वर्षी कळली, आणि तोवर बराच पैसा खर्च झाला होता व काही रुग्णांचे नुकसानही झाले होते.

चौथ्या वर्षी मी एका महानगरात जाऊन इम्प्लांटचा, म्हणजे जबड्यात स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दात बसवण्याचा, दोन दिवसांचा कोर्स केला. त्याचे शुल्क माझ्या तेव्हाच्या दोन महिन्यांच्या मिळकतीएवढे होते. रुग्णावर हात चालवायला मिळेल असे आधी सांगितले होते. तिथे गेल्यावर प्लॅस्टिकच्या जबड्यात दोन स्क्रू बसवून घेतले आणि प्रमाणपत्र हाती दिले. परत आल्यावर मी दवाखान्यावर पाटी लावली. पुढच्या सव्वा वर्षात इम्प्लांटची चौकशी करायला दोघे आले आणि दोघेही कवळी करून घेऊन गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यातील गोष्ट. धानाची रोवणी सुरू झाली की आमच्याकडे घरातले सगळे हात शेतात, बांधीत असतात आणि दवाखान्यात दिवसाला दोन-तीन माणसे आली तरी पुष्कळ. अशा रिकाम्या दुपारी मी मागच्या दोन वर्षांच्या नोंदवह्या काढल्या आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. ज्याला मी नागपूरला पाठवले, जो तीच तक्रार घेऊन परत आला, ज्याचे काम अर्धवट राहिले आणि ज्याला मी भीतीपोटी हातच लावला नाही, अशा प्रत्येक नावापुढे खूण केली. संध्याकाळपर्यंत पानेच्या पाने लाल झाली होती. खुणा मोजल्यावर चार ढीग पडले: खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाऊन तोंड उघडेनासे झालेले लोक, पहिल्या बैठकीनंतर न फिरकलेले रूट कॅनालचे रुग्ण, रडत परत गेलेली लहान मुले, आणि सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), साखर किंवा रक्तदाब असलेले रुग्ण. पदवीनंतर या चारांपैकी एकाही विषयावर मी एक तासही खर्च केलेला नव्हता.

रूट कॅनालचा ढीग सर्वांत मोठा होता. पहिल्या बैठकीत नस काढली की दुखणे थांबते, आणि दुखणे थांबले की माणूस धान कापायला, कापूस वेचायला किंवा उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला निघून जातो. तात्पुरते भरलेले सिमेंट झिजून पडते, दाढ आतून पुन्हा सडते, आणि पुढच्या हंगामात तोच माणूस येऊन म्हणतो, "मॅडम, तुमी नस काहाडली होती ना जी, तरी दुखतेच." मग रूट कॅनाल टिकत नाही, असे गावभर होते. याचा दोष मी वर्षानुवर्षे रुग्णांना देत आले होते. त्या दुपारी तारखा पाहिल्या तेव्हा दिसले की अर्धवट राहिलेल्या बहुतेक नोंदी ऑक्टोबर ते जानेवारी या काळातील आणि मे महिन्यातील होत्या. मी त्यांना पुढची तारीख देत होते ती नेमकी कामाच्या दिवसांतली असे.

म्हणून पुढच्या वर्षी मी एका बैठकीत रूट कॅनाल पूर्ण करण्याचे पद्धतशीर शिक्षण घेतले. दाताभोवती रबराचा पडदा (रबर डॅम) लावणे, अपेक्स लोकेटरने मुळाची लांबी मोजणे, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुरेसा वेळ धुणे आणि वरच्या पहिल्या दाढेतील लपलेला चौथा कॅनाल (मुळातील नळी) शोधणे, या गोष्टी मी महाविद्यालयात पाहिल्या होत्या, पण माझ्या हातात त्या बसलेल्या नव्हत्या. एका बैठकीत आणि अनेक बैठकींत केलेल्या रूट कॅनालच्या दीर्घकालीन यशात फारसा फरक पडत नाही, असे या विषयावरील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत दिसून आले आहे. एका बैठकीनंतर सुरुवातीचे काही दिवस दुखणे थोडे अधिक असू शकते आणि ते रुग्णाला आधी सांगून ठेवावे लागते. सूज असेल, पू वाहत असेल, तर मी आजही दोन बैठकी घेते, पण दुसरी तारीख आठवडी बाजाराच्या दिवसाची देते, कारण त्या दिवशी त्याला गावाहून येणे असतेच.

आता सिकलसेलविषयी. मार्च महिन्यात बारावीची परीक्षा देणारी एक मुलगी वडिलांसोबत आली. खालच्या उजव्या जबड्यात दोन दिवसांपासून ठणका होता आणि ती रात्रभर झोपली नव्हती. दुसऱ्या एका ठिकाणी तिला दाढ काढून टाकायला सांगितले होते. मी दाढ पाहिली. कीड नव्हती, भेग नव्हती, आरशाच्या दांडीने ठोकून पाहिले तर शेजारच्या दाढेपेक्षा वेगळे काही तिला जाणवत नव्हते आणि एक्स-रेही स्वच्छ होता. मग तिला डोळे मिटायला सांगून कापसाचे टोक खालच्या ओठावरून फिरवले. डाव्या बाजूला लागताच ती "हो" म्हणाली. उजव्या बाजूला मी तीन वेळा फिरवले तरी ती गप्प राहिली. ओठाची आणि हनुवटीची ती बाजू बधिर झाली होती. दोनच महिन्यांपूर्वी एका दंत महाविद्यालयात ऐकलेले व्याख्यान मला आठवले: सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळात तुटपुंजा असल्यामुळे तिथे असह्य दुखते, ओठ बधिर होतो, आणि कधीकधी तर न किडलेल्या दाताची नस आपोआप मरते. मी वडिलांना विचारले. त्यांनी पिशवीतून सिकलसेलचे कार्ड काढून टेबलावर ठेवले. दातांच्या डॉक्टरला ते दाखवायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

मी चिठ्ठी देऊन तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवले. सलाईन व वेदनाशामक औषधे मिळाल्यावर चार दिवसांत ठणका गेला आणि ओठाची बधिरता काही आठवड्यांत उतरली. ती निरोगी दाढ आजही तिच्या तोंडात आहे. ते व्याख्यान मी चुकवले असते तर मी ती दाढ उघडली असती, हे मला माहीत आहे.

लहान मुलांविषयी थोडक्यात सांगते. दुधाच्या दाढांवर मशीन न चालवता आणि भूल न देता स्टीलची कॅप बसवण्याची हॉल पद्धत, जी स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखली जाते, आणि कीड थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, या दोन गोष्टी शिकल्यापासून माझ्याकडून रडत परत जाणारे मूल विरळाच. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि दात भरण्याचे ग्लास आयोनोमर सिमेंट या दोहोंचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे. औषध लावलेला भाग काळा पडतो. आईला तो काळा डाग आधी छायाचित्रात दाखवावा आणि तिची संमती घेऊनच औषध लावावे.

खर्ऱ्याविषयी लिहायचे आहेच, पण ते स्वतंत्रपणे लिहीन. तोवर इतरांनी लिहावे.

इंटर्नशिप_संपली

ताई, नमस्कार. माझी इंटर्नशिप यंदा संपली. आमची शेती भंडारा जिल्ह्यात आहे आणि गावाजवळच दवाखाना टाकावा असे घरच्यांचे म्हणणे आहे. तुमचे लेखन वाचून धीर आला, पण एक अडचण आहे. माझ्याकडे अजून नोंदवहीच नाही. ज्याने सुरुवातच केलेली नाही, त्याने काय शिकायचे हे कशावरून ठरवावे? शिवाय कर्ज काढून यंत्रसामग्री घ्यायची तर कशावर खर्च करावा आणि कशावर करू नये, हे आम्हाला महाविद्यालयात कोणी सांगितले नाही. यंत्रे विकणारे प्रतिनिधी घरापर्यंत येतात आणि प्रत्येकाला सर्वांत महागडी खुर्चीच सर्वांत आवश्यक वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

पैनगंगा_पल्याड

वैनगंगाकाठ ताईंच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. इम्प्लांटविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका मोठ्या तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. कापसाचे व्यापारी, शिक्षक, बँकेतील कर्मचारी असा वर्ग माझ्याकडे येतो आणि वर्षाला काही इम्प्लांट मी नियमितपणे करतो. माझ्या नोंदवहीत तो कोर्स बसत होता, तुमच्या नोंदवहीत बसत नव्हता, इतकेच. त्यामुळे इम्प्लांट शिकणे म्हणजे पैसा वाया घालवणे, असा अर्थ नव्या मुलांनी यातून काढू नये. मात्र दोन दिवसांत ते येत नाही, हे खरे. मी एका अनुभवी सहकाऱ्याच्या शेजारी उभा राहून वर्षभर शिकलो आणि मगच स्वतंत्रपणे पहिला इम्प्लांट बसवला.

माझ्या नोंदवहीतील मोठा ढीग फ्लोरोसिसचा, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे दात डागाळण्याचा, आहे. आमच्या जिल्ह्यातील आणि चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या पक्क्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे पट्टे आणि पुढे तपकिरी डाग दिसतात. हे डाग घासून जात नाहीत, कारण दात जबड्यात तयार होत असतानाच वरचे कवच सदोष बनलेले असते. हे पालकांना समजावून सांगणे हेच अर्धे काम आहे. माझ्याकडे आलेल्या कित्येक मुलींना घरी "दात घासत नाही" म्हणून रोज बोलणी बसत होती, आणि काहींनी तर राखेने आणि विटेच्या भुग्याने घासून हिरड्या सोलून घेतल्या होत्या.

मला आठवते, लग्न ठरत आलेली एक मुलगी पदराने तोंड झाकूनच खुर्चीत बसली आणि मी तपासायला लागेपर्यंत तिने पदर काढला नाही. तिच्या पुढच्या सहा दातांवर मी कंपोझिटचे (दाताच्या रंगाच्या भरणाचे) थर दिले. त्यापूर्वीच्या एका रुग्णाचे असेच थर तीन महिन्यांत सुटून आले होते आणि मला कारण कळत नव्हते. फ्लोरोसिस झालेले कवच आम्लाला सहज दाद देत नाही, म्हणून कंपोझिट चिकटावे यासाठी आधी लावायचे फॉस्फोरिक आम्ल नेहमीपेक्षा अधिक वेळ ठेवावे लागते आणि वरचा सदोष थर हलका घासून काढावा लागतो, हे मला एका सकाळच्या कार्यशाळेत कळले. ती कार्यशाळा विनाशुल्क होती आणि तिला आम्ही जेमतेम अकरा जण होतो. माझ्या दवाखान्याच्या दृष्टीने तिच्याइतके मोलाचे शिक्षण मी दुसरे घेतलेले नाही.

अजून एक गोष्ट. कायमच्या पुढच्या दातांचे कवच साधारणपणे शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षांपर्यंत बनत असते. थोरल्या मुलाचे दात डागाळलेले दिसले की मी धाकट्यांची वये विचारतो आणि घरचे पाणी तपासून घ्यायला लावतो. थोरल्याचे दात मला रंगवावे लागतात, पण धाकट्याचे वाचू शकतात.

वैनगंगाकाठ

पैनगंगा_पल्याड सर, तुमची दुरुस्ती मान्य आहे आणि ती आवश्यकच होती. माझ्या लिहिण्यातून इम्प्लांटविषयी नाराजी डोकावली असेल, ती त्या दोन दिवसांच्या कोर्सविषयीची होती. वर्षभर कोणाच्या शेजारी उभे राहून शिकण्याचा मार्ग मला तेव्हा कोणी सुचवला असता तर बरे झाले असते.

इंटर्नशिप_संपली, तुमचा प्रश्न रास्त आहे. तुमच्याकडे नोंदवही नाही, पण ज्या गावात बसणार आहात तिथे ती इतरांकडे आहे. ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य असतील तर त्यांना जाऊन भेटा. शाळांची आरोग्य तपासणी करणाऱ्या पथकाला विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचे दातही पाहिले जातात, त्यामुळे कोणत्या गावात कीड अधिक आणि कोणत्या गावात डाग अधिक हे त्यांना ठाऊक असते. औषधाच्या दुकानात विचारा की दातदुखीवर लोक काय मागतात. या तीन भेटींतून पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम तयार होतो. शक्य झाल्यास दोन वर्षे एखाद्या चालत्या दवाखान्यात सहायक म्हणून काम करा. मी ते केले नाही आणि त्याची किंमत माझ्या सुरुवातीच्या रुग्णांनी मोजली.

यंत्रसामग्रीविषयी माझे मत स्पष्ट आहे. खुर्ची मध्यम किमतीची चालते. पैसा निर्जंतुकीकरणावर आणि विजेवर घाला. आमच्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाच्या पहिल्या वादळांत वीज दिवसातून अनेकदा जाते. ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र) १२१ अंशांवर चालू असताना मध्येच वीज गेली, तर तो फेरा मोजायचा नाही. वीज आली की तो पहिल्यापासून पूर्ण करायचा. हा नियम माझ्या सहायिकेला मी पहिल्याच दिवशी शिकवला आणि घाईच्या वेळी ती मला त्याची आठवण करून देते. त्यासाठी हँडपीस (दात कोरण्याच्या मशीनचे हातात धरायचे टोक) आणि उपकरणांचे किमान तीन संच हवेत, म्हणजे एक संच अडकला तरी काम थांबत नाही. बोअरचे जड पाणी ऑटोक्लेव्हमध्ये किंवा खुर्चीच्या बाटलीत कधीही घालू नका. त्याचे पांढरे खवले बारीक नळ्यांत बसतात. माझे दोन हँडपीस त्यामुळेच कायमचे गेले. कंप्रेसरला स्वतंत्र स्टॅबिलायझर लावा.

एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची ई-लोरा संकेतस्थळावरील नोंदणी लागते आणि जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ चे नियम लागू आहेत. काढलेला दात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या जाड डब्यात, भुलीच्या औषधाची काचेची बाटली निळ्या खोक्यात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून अधिक ठेवता येत नाही, पण कचरा नेणारी गाडी खेड्यात वेळेवर येत नाही, हा माझा सततचा अनुभव आहे. ज्या दिवशी ती येत नाही त्या दिवशी मी संबंधितांना लेखी कळवते आणि त्याची प्रत जपून ठेवते. हे कंटाळवाणे काम आहे, तरीही करावे.

शाळेतून_लिहितो

मी दंतवैद्य नाही. गोंदिया जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. रुग्णांच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो. सर्व डॉक्टर मंडळींनी राग मानू नये.

पहिली गोष्ट माझ्या आईची. आठवडी बाजारात पेटी घेऊन बसणाऱ्या एका माणसाने तिच्या पडलेल्या दाताच्या जागी अर्ध्या तासात "पक्का दात" बसवून दिला. तो शेजारच्या दोन दातांना तारेने बांधून वर गुलाबी प्लॅस्टिक थापलेले होते. तिला आनंद झाला, कारण पैसे थोडे लागले आणि दुसऱ्यांदा जावे लागले नाही. सहा महिन्यांनी तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. आमच्या तालुक्यातील डॉक्टरांनी ते प्लॅस्टिक कापून काढले तेव्हा खालची हिरडी काळीनिळी झालेली होती आणि आधारासाठी वापरलेले दोन्ही चांगले दात बोटाने हलत होते. आई त्या बाजारातल्या माणसाकडे का गेली याचा मी विचार केला. त्याने किंमत आधी सांगितली होती. दवाखान्यात गेल्यावर एकूण किती लागतील हे शेवटपर्यंत कळत नाही, अशी तिची समजूत होती, आणि खरे सांगायचे तर आमच्या घरी तसा अनुभवही आला होता.

दुसरी गोष्ट समजुतींची. वरचा दात काढला की डोळे जातात, असे आमच्याकडे शिकलेले लोकही म्हणतात. दातात किडा असतो आणि तो धुरीने पडतो, असेही म्हणतात. डॉक्टर शाळेत येतात, मुलांच्या तोंडात बॅटरी टाकतात, कागदावर खुणा करतात आणि जातात. त्यांनी अर्धा तास पालकांशी या समजुतींवर बोलावे, असे मला वाटते. दवाखाना चालण्यासाठी डॉक्टरांनी बोलण्याचेही शिक्षण घ्यावे का, हे आपण सर्वांनी सांगावे.

ग्रामीण_वैद्यकीय

मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. वैनगंगाकाठ मॅडमनी सिकलसेलचा विषय काढला याचा मला फार आनंद झाला, कारण दंतवैद्याकडून अशी चिठ्ठी घेऊन येणारा रुग्ण आमच्याकडे क्वचितच येतो. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत आणि कार्डेही मिळत आहेत. त्यामुळे दंतवैद्याच्या पहिल्या प्रश्नांत "सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" हा प्रश्न असलाच पाहिजे. वाहक (ज्याच्यात आजाराचा एकच जनुक असतो तो) आणि रुग्ण यांतील फरकही लक्षात ठेवावा. केवळ वाहक असलेल्या माणसाचा दात काढायला एरवी अडचण नसते, आणि तरीही अशा लोकांना दवाखान्यातून परत पाठवलेले मी पाहिले आहे.

रुग्ण असेल तर आम्हाला आधी कळवावे, सकाळची वेळ द्यावी, काम थोडक्यात आटोपावे, त्याला उपाशी आणि तहानलेला ठेवू नये, खोली फार थंड नसावी, आणि दातातील जंतुसंसर्ग अंगावर काढू देऊ नये, कारण तोच पुढे वेदनांच्या झटक्याला कारण होतो. इतके पाळले तर स्थानिक भूल देऊन दात काढता येतो.

आता साखर आणि हृदयविकार. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णाला दात काढण्याआधी आठवडाभर ती बंद करायला सांगण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी आजही आहे. साध्या दात काढण्यासाठी ती बंद करू नये. दाबून धरून आणि टाके घालून रक्त थांबते, पण गोळी बंद केल्यामुळे येणारा झटका थांबवता येत नाही. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात, त्यामुळे हलणारे दात घेऊन आलेल्या चाळिशीच्या माणसाची साखर दंतवैद्याने तपासायला सांगावी आणि साखर आटोक्यात न येणाऱ्या रुग्णाच्या हिरड्या पाहायला आम्ही दंतवैद्याकडे पाठवावे. माझी एकच मागणी आहे: चिठ्ठी दोन्ही बाजूंनी जावी. आमच्या चिठ्ठीला उत्तर येत नाही, तेव्हा रुग्णाचे पुढे काय झाले हे आम्हाला कळत नाही आणि आमचेही शिकणे तिथेच थांबते.

वैनगंगाकाठ

डॉक्टर साहेब, चिठ्ठीच्या उत्तराची मागणी मला लागू पडते. उद्यापासून माझ्या प्रत्येक चिठ्ठीच्या मागे उत्तरासाठी जागा सोडीन आणि तुमच्याकडून आलेल्या चिठ्ठीला त्याच दिवशी उत्तर देईन.

गुरुजी, राग मानण्याचे काही कारण नाही. तुमच्या आईंच्या अनुभवावरून मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. तेव्हा मीही रक्कम टप्प्याटप्प्याने सांगत असे. एकदम सांगितली तर माणूस उठून जाईल अशी भीती वाटे. आता पहिल्याच भेटीत कागदावर तीन ओळी लिहून देते: दाढ वाचवायची तर कॅपसकट एकूण किती, काढायची तर किती, आणि आज काहीच केले नाही तर पुढे काय होईल. कागद घरी न्यायला सांगते. काही जण उठून जातात हे खरे, पण धान विकल्यावर तोच कागद घडी घातलेला घेऊन परत येणारेही आहेत. बोलण्याचे शिक्षण घ्यावे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते मी पालकसभांत घेतले. डोळ्यांच्या समजुतीवर व्याख्यान देण्यापेक्षा, दात काढून दहा वर्षे झालेल्या आजीबाईंना सभेत उभे करून सुईत दोरा ओवायला लावला, तेव्हा लोकांना पटले.

आता खर्रा. आमच्या भागात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिला जातो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण घोटलेला खर्रा सर्वत्र मिळतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. "मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो" असे म्हणणाऱ्या रुग्णाला हे आवर्जून सांगावे. गडचिरोलीत राज्य शासन, डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून २०१६ पासून मुक्तिपथ हा दारू-तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम चालवला. गावाने ठरवले तर ठेल्यावरची विक्री थांबते, हे मी त्या भागातील नातेवाइकांकडे स्वतः पाहिले आहे.

खर्रा खाणारा रुग्ण दंतवैद्याकडे सुरुवातीला "तोंड उघडत नाही" ही तक्रार घेऊन येत नाही. तो "जेवताना तिखट झोंबते" म्हणून येतो. त्या वेळी गाल आतून फिकट दिसतो आणि बोट फिरवले की कातडीखाली दोरीसारखे पट्टे लागतात. याच टप्प्यावर खर्रा सुटला तर पुष्कळ काही वाचते. पुढे स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शने, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत एकावर एक चढवत करायचा व्यायाम, अशा उपायांनी तोंड काही प्रमाणात उघडते, पण पूर्ववत होत नाही, आणि कर्करोगाची शक्यता राहतेच. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि दोन आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवणे, हे मी कधीही टाळत नाही. पुढे शस्त्रक्रिया लागली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. कोणत्या रुग्णालयात, कोणती कागदपत्रे घेऊन जायचे, हे सांगता येणे हाही मी माझ्या शिक्षणाचाच भाग मानते.

इंटर्नशिप_संपली

सर्वांचे मनापासून आभार. दोन लहान शंका आहेत. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. खेड्यात राहून ते कसे जमवता? आणि तोंड किती उघडते हे नेमके कसे मोजता? आम्हाला रुग्णाची तीन बोटे उभी घालून पाहायला शिकवले होते.

वैनगंगाकाठ

गुणांसाठी वर्षातून दोन-तीन वेळा नागपूर किंवा वर्ध्याला जावे लागते. दंतवैद्यांच्या असोसिएशनच्या शाखांचे आणि दंत महाविद्यालयांचे कार्यक्रम बहुधा रविवारी असतात, त्यामुळे दवाखाना बंद ठेवावा लागत नाही. कार्यक्रम निवडताना मी विषय आधी पाहते, गुण नंतर. याशिवाय आम्ही शेजारच्या तालुक्यांतील चौघे जण महिन्यातून एका रविवारी आळीपाळीने एकमेकांच्या दवाखान्यात बसतो. प्रत्येकाने आपला फसलेला एक रुग्ण, एक्स-रेसह, मांडायचा एवढाच नियम आहे. याचे गुण मिळत नाहीत. पैनगंगा_पल्याड सरांनी सांगितलेली आम्ल अधिक वेळ ठेवण्याची गोष्ट या महिन्यात मी तिथे मांडणार आहे, कारण आमच्यातील एकाचे कंपोझिट असेच सुटत आहे.

तीन बोटे झटपट पाहण्यापुरती ठीक आहेत, पण प्रत्येकाची बोटे वेगळी आणि त्यावरून तीन महिन्यांनी काही ताडता येत नाही. शाळेच्या कंपासपेटीसारखा, पण टोके बोथट असलेला आणि निर्जंतुक केलेला डिव्हायडर घ्यावा. रुग्णाला होईल तेवढे तोंड उघडायला सांगून वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या कडांमधील अंतर घ्यावे आणि पट्टीवर मोजावे. दर वेळी त्याच दोन दातांवरून मोजावे. ३५ मिलिमीटरच्या खाली आले की मी काळजीने पाहू लागते. २० च्या खाली गेलेल्याला चमचाही तिरपा करून घालावा लागतो. आकडा आणि तारीख कार्डावर लिहावी, कार्ड रुग्णाकडे द्यावे, आणि पुढच्या वेळी तो आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला सांगावा.